सुरयांच्या बेटावरचा घाव

सुलक्षणाला वरवे बुद्रुकला दिली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिथून ती निघाली तेव्हा तिचे पुढचे दोन दात खोटे होते आणि डाव्या कानानं तिला कमी ऐकू यायचं. मधली बारा वर्षं हनुमंताच्या घरातली.

हनुमंत वाईट माणूस आहे असं गावात कुणी म्हटलं नसतं. हायवेलगतच्या एका कारखान्यात तो मशीनवर होता. कामाला चोख, दारूला न शिवणारा, कुणाच्याही मयताला आधी हजर. मारायचा तो फक्त घरात, दार लावून. हाताला येईल त्यानं मारायचा. पट्टा, कुकरचं झाकण, उसाचं टिपरू. त्याला कारण लागायचंच असं नाही. संध्याकाळी उंबऱ्याबाहेर त्याच्या चपला कशा पडतात त्यावरून सुलक्षणाला पुढची रात्र कळायची. नसरापूरच्या दवाखान्यात तिनं दर वेळी एकच सांगितलं, गोठ्यात पाय घसरला. शेवटी एकदा तिथली डॉक्टरीण टाके घालता घालता म्हणाली, "तुमचा गोठा फारच वाईट आहे हो, बाई." सुलक्षणा हसली. सुजलेल्या तोंडानं हसायला किती दुखतं ते तिला त्या दिवशी कळलं.

ज्या सकाळी त्यानं तापलेला तवा तिच्या पाठीला लावला, त्या सकाळी तो कामावर गेल्यावर ती नेसत्या लुगड्यानिशी निघाली. माहेर वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या अंगाला. पण माहेरी गेलं की तिचे वडील गेनबा चार दिवस ठेवून घेणार आणि मग टेम्पोत घालून परत आणून सोडणार. तसं दोनदा झालं होतं. म्हणून ती नसरापूरहून भोरच्या एसटीत बसली. भोरात तिला एकच घर माहीत होतं. तिची आई बनाबाई दर वर्षी ज्यांच्याकडे तांदूळ घालायची, त्या गंगाधरकाका वकिलांचं. नलूकाकूंनी दार उघडलं, पाठीला चिकटलेलं पोलकं पाहिलं आणि काही न विचारता तिला आत घेतलं.

त्यांची मुलगी मिताली तेव्हा घरी आलेली होती. सुलक्षणाहून पाच-सहा वर्षांनी लहान. तिनंच सुलक्षणाला पोलीस ठाण्यात नेलं, शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "सुलक्षणाताई, गोठा नाही. तवा. तवा म्हण." सुलक्षणानं आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं ते असं, मितालीच्या ओढणीचं टोक मुठीत धरून. पुढच्या आठवड्यात हनुमंत दोन भावांना घेऊन वकिलांच्या फाटकाशी आला. मिताली फाटकात आडवी उभी राहिली. हनुमंतानं रस्त्यावरचा दगड उचलून भिरकावला. तो मितालीच्या कपाळावर बसला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं तरी पोरगी जागची हलली नाही. पोलिसांची गाडी येईतो ती तशीच उभी होती.

त्यानंतर सुलक्षणा त्या घरात स्वयंपाकाला राहिली. मितालीताईंनी सांगितलं असतं तर ती विहिरीतही उतरली असती.

मितालीचं काम समुद्रावरच्या पक्ष्यांचं. वर्षातले कित्येक महिने ती बेटांवर असायची आणि परत आली की काळी ठिक्कर पडलेली असायची. तिच्या खोलीत भिंतभर फोटो होते. पांढऱ्या अंगाचे, काळ्या टोपीचे, कात्रीसारख्या शेपटीचे पक्षी. त्यांना सुरय म्हणतात हे सुलक्षणाला तिथंच कळलं. एका वर्षी मोहिमेवरचा स्वयंपाकी ऐन वेळी आजारी पडला.

"सुलक्षणाताई, येशील माझ्याबरोबर? स्वयंपाक आणि थोडी मोजदाद. बेटावर माणूस नाही, दुकान नाही, काही नाही."

"नवरा न्हाई ना तितं कुनाचा?"

मिताली हसली. "नाही."

"मग येती की."

ज्या बाईनं धरणाच्या फुगवट्यापलीकडं पाणी पाहिलं नव्हतं, ती आगगाडीनं दक्षिणेला गेली, मग जहाजानं, मग एका मच्छिमाराच्या होडीनं. होडीत तिनं पोटातलं सगळं समुद्राला दिलं. बेट दिसलं ते पक्ष्यांमुळं, जमीन नंतर दिसली. आधी आभाळात धूर उठल्यासारखा एक काळा लोट, आणि होडी जवळ गेली तसा त्या लोटाचा आवाज. हजारो पाती एकदम दगडावर घासावीत तसा. बेट इतकं लहान, की चुलीवर भात ठेवून फेरीला निघालं तर भात शिजायच्या आत परत यावं. झाड एकही नाही. खुरटी झुडपं, वाळू, आणि पायाला कापणारे प्रवाळाचे दगड.

तिघंच होती. मिताली, सुलक्षणा आणि शार्दूल. शार्दूल मितालीबरोबर शिकलेला, सतत गुणगुणणारा, सुलक्षणाच्या पिठल्यावर जीव टाकणारा. काम पहाटे उजाडता उजाडता. लोखंडी गज ठोकायचे, त्यांना दोरी बांधायची आणि दोरीच्या कडेनं ओळीत चालत घरटी मोजायची. घरटं म्हणजे काय, वाळूत एक खळगा आणि त्यात एकच ठिपक्यांचं अंडं. मोजलेल्या घरट्याशी एक मॅकरोनी टाकायची, म्हणजे ते दुसऱ्यांदा मोजलं जात नाही. पण भराभर. आईबाप उठून गेले आणि ऊन चढलं तर अंड्यातला जीव तिथल्या तिथं शिजतो.

पक्षी गरीब असतात असं सुलक्षणाला वाटायचं. पहिल्याच सकाळी ती समजूत गेली. सुरय डोक्यावर झेपावून चोची मारत. टोपीखाली टॉवेलाची घडी घालूनही तिच्या टाळूतून रक्त आलं. एखादं पिल्लू चुकून शेजारच्या खळग्यात शिरलं की शेजारीण त्याला टोचायला लागे, आणि ते पडलं तरी टोचत राही. पिल्लाची मान लोळागोळा होईतो. वाळूतून पांढरे खेकडे निघत, जिवंत पिल्लाचा पाय धरून त्याला बिळाकडं ओढत. वर काळे लुटारू पक्षी घिरट्या घालत. ते दुसऱ्या पक्ष्याची शेपटी चोचीत धरून त्याला हवेत हिसडत, त्यानं गिळलेला मासा ओकेपर्यंत.

एकदा खेकड्यानं ओढत नेलेल्या पिल्लाकडं सुलक्षणा धावली. मितालीनं तिचा दंड धरला.

"नाही. आपण मोजायला आलोय. मध्ये पडायचं नाही."

"जित्तं हाय त्ये, ताई."

"असू दे. त्यांचं ते बघतील."

सुलक्षणा थांबली. पण त्या दिवशी तिला भाकरी गेली नाही.

होडी आली ती मुक्कामाचे थोडेच दिवस उरले असताना, सकाळी, मोजणी नुकतीच संपली होती तेव्हा. पाणी आणून देणारी त्यांची होडी ही नव्हती. मोठी, इंजिनाची, निळा रंग उडालेली. त्यातून सहा माणसं उतरली. प्रत्येकाच्या हातात काठी, दोघांच्या पाठीला टोपल्या. तंबूकडं त्यांनी पाहिलंही नाही. ओळ धरून ती घरट्यांमध्ये शिरली आणि चालता चालता अंडी फोडू लागली. पायानं, काठीनं, शांतपणे, ढेकळं फोडावीत तशी.

"खायला नेत्यात तर फोडत्यात कशापायी?" सुलक्षणानं विचारलं.

मितालीचे ओठ पांढरे पडले होते. "आज आधीची शिळी फोडायची. म्हणजे पक्षी पुन्हा घालतात. एक-दोन दिवसांनी यायचं आणि ताजी गोळा करायची."

पक्षी तर उठलेच होते. आता सगळं बेट एकदम किंचाळत वर गेलं. ऊन बोथट झालं इतकी पाखरं आभाळात झाली. माणसं काठ्या वर फिरवत होती आणि त्या दाटीत नेम धरायचीही गरज नव्हती. पंख मोडलेले सुरय खाली पडत, माणसं त्यांना उचलून मान पिरगाळत आणि टोपलीत टाकत. गळाला लावायला. पिल्लं वाळूवर धावत होती. एका माणसाच्या पायाखाली किती गेली ते त्यालाही कळलं नसेल.

शार्दूल मोबाईल समोर धरून त्यांच्याकडं चालत गेला. तो ओरडत होता, पण पाखरांच्या आवाजात त्याचं ओरडणं त्यालाच ऐकू येत नसणार. एकानं त्याच्या हातावर काठी मारली, मोबाईल पडला. शार्दूल वाकला. दुसऱ्यानं होडीतून वल्हं आणलं आणि आडवं फिरवलं. ते शार्दूलच्या जबड्यावर बसलं. तो गुडघ्यावर आला, मग तोंडावर. वल्हं पुन्हा पाठीवर पडलं.

सुलक्षणा धावत पोचली तोवर ती माणसं मागं सरकली होती. शार्दूल हलत नव्हता. मेला असंच त्यांना वाटलं असावं, कारण त्यांच्यातला म्होरक्या काहीतरी ओरडला आणि सगळी टोपल्या टाकून होडीकडं पळाली. सुलक्षणानं शार्दूलला कुशीवर वळवलं. तोंडातलं रक्त आणि दात बाहेर पडले आणि तो घुसमटत श्वास घ्यायला लागला. जबडा एका अंगाला लोंबत होता. तिनं डोक्याचा टॉवेल काढून जबड्याखालून बांधायला घेतला. तिकडं इंजिन सुरू झालं.

तेवढ्यात तिच्या उजव्या कानावर तो आवाज आला.

माणसावर घाव पडल्याचा आवाज. हा आवाज तिनं बाहेरून कधी ऐकला नव्हता. आजवर ती कायम त्याच्या आत असायची. पण ओळखायला तिला क्षणही लागला नाही. धप्प, मग थोडी उसंत, मग पुन्हा धप्प. घाईचा नाही. मारणाऱ्याला पुरता वेळ असल्यासारखा.

ती उठून पळाली. पळणाऱ्यांतला एक मागं राहिला होता. चाळिशीचा, काटकुळा, दाढीत पांढरं आलेला माणूस. प्रवाळाच्या फटीत त्याचा पाय अडकून घोट्यात मुरगळला होता. मिताली त्याच्यापुढं उभी होती आणि तिच्या हातात दोरी बांधायचा लोखंडी गज होता. माणसानं दोन्ही हात डोक्यावर धरले होते. एक हात कोपराच्या खाली भलतीकडंच वळला होता. अडकलेल्या पायाचा गुडघा उघडा पडला होता, आतलं पांढरं दिसत होतं. तो काहीतरी म्हणत होता. भाषा सुलक्षणाला येत नव्हती, पण शब्द कळत होता. तो विनवण्याचा शब्द होता.

"ताई! पुरं! ताई!"

मितालीनं ऐकलं नाही. सुलक्षणानं तिचा चेहरा पाहिला आणि ती जागच्या जागी गार पडली. त्या चेहऱ्यावर राग दिसेल असं तिला वाटलं होतं. तिथं राग नव्हता. हाती घेतलेलं काम उरकायचंय एवढंच होतं. हनुमंत दार लावून वळला की त्याचा चेहरा असाच असायचा.

गज वर गेला. सुलक्षणा खाली वाकली आणि त्या माणसावर पालथी पडली. वळून हात जोडायला तेवढा वेळही नव्हता. गज तिच्या डाव्या खांद्यावर, मानेच्या बुडाशी उतरला. हासळीचं हाड मोडलं ते तिला आधी ऐकू आलं. दुखणं नंतर आलं.

खाली तो माणूस थरथरत होता. त्याच्या अंगाला मासळीचा आणि फुटक्या अंड्यांचा वास येत होता. सुलक्षणा तशीच पडून पुढच्या घावाची वाट पाहत राहिली, कारण एका घावावर थांबलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण दुसरा पडला नाही. दगडावर लोखंड पडल्याचा आवाज झाला.

निळी होडी तोवर लांब गेली होती. आपल्या माणसाला न्यायला ती वळली नाही.

मितालीनं बिनतारी यंत्रावरून खबर दिली, तेवढं तिनं केलं. ओहोटीत प्रवाळावरून होडी आणता येत नव्हती आणि पुढची भरती रात्रीच्या अंधारातली, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबणं भाग होतं. ताडपत्रीच्या सावलीत शार्दूल आणि तो माणूस शेजारी शेजारी झोपवले. त्या माणसाला फटीतून सोडवून ओढत आणलं ते सुलक्षणानं, एका हातानं, दातांत ओठ धरून. मिताली मदतीला आली नाही. ती मॅकरोनीची पिशवी घेऊन फुटक्या घरट्यांमध्ये फिरत होती. प्रत्येक चिखल झालेल्या खळग्यापाशी वाकायची, एक टाकायची, पुढं जायची.

"ताई, ह्येला पानी पाजायला डोकं उचलाया लागतंय. माझा एक हात चालत न्हाई."

मिताली मोजत राहिली.

ऊन चढलं तशी उरलेली पिल्लं उघड्या वाळूत माना टाकू लागली. काही सुरय परत उतरले आणि आपला खळगा शोधत त्या घाणीत फिरत राहिले. काही नुसतेच वर ओरडत होते. फुटलेल्या अंड्यांवर लुटारू पक्षी आले. उन्हं कलली तसे रक्ताच्या वासानं खेकडे ताडपत्रीखाली यायला लागले. आधी कडेनं, मग धीटपणे. सुलक्षणा मोडक्या काठीनं त्यांना हाणत होती. एक त्या माणसाच्या उघड्या गुडघ्याशी पोचला. तिनं त्याला दगडानं ठेचला, आणि मग ठेचतच राहिली. त्याचा चेंदामेंदा झाला तरी. हात थांबला तेव्हा तिनं वर पाहिलं. तो माणूस तिच्याकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत तिची भीती होती. तिनं दगड लांब टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी होडी आली, आणि दवाखान्यात सुलक्षणाला सुई टोचून झोपवलं. ती शुद्धीवर येऊन बोलायच्या आत मितालीनं तिथल्या पोलिसांना सगळं सांगून टाकलं होतं. चोरांनी शार्दूलला मारलं, चोरांनीच सुलक्षणाला मारलं. तो माणूस पळताना दगडांवर पडला.

हात गळ्यात बांधून सुलक्षणा माहेरी आली. स्वयंपाकाला हात चालत नव्हता, तेव्हा भोरला राहून उपयोग नव्हता. गेनबा आता थकले होते. त्यांनी तिला दारात पाहिलं आणि नुसतं म्हणाले, "ऱ्हा." बनाबाई तिच्या केसांना तेल लावताना टाळूवरच्या चोचींच्या खपल्या बघून रडली.

महिन्याभरानं वकिलांची गाडी आली. खाचरांच्या कडेला उभी राहिली. गंगाधरकाका आणि नलूकाकू उतरून बांधावरून चालत आले. मिताली गाडीतच बसून राहिली.

चहा झाला. काका म्हणाले, "परवा तुझा जबाब घेणार आहेत, सुलक्षणा. तिकडून इथल्या ठाण्याला कळवलंय. फार बोलायचं नाही. चोरांनी मारलं, एवढंच."

"शार्दूलदादांना चोरांनी मारलं. ते म्या सांगनार. लई वाईट मारलं."

"आणि तुला?"

सुलक्षणानं एका हातानं कपबशा गोळा केल्या.

नलूकाकूंनी पदर तोंडाला लावला. "माझ्या पोरीनं तुझ्यासाठी कपाळावर दगड घेतलाय गं. विसरलीस?"

"न्हाई, काकू. रोज आठवतं."

"मग?"

बनाबाई मध्येच म्हणाली, "आगं, ज्यांनी तुला पदराखाली घेतलं त्यांच्यासाठी येवढं तोंड न्हाई का धरता येत?"

"आई, बारा वर्सं म्या गोठ्यात पडले म्हनून सांगितलं. हनुमंतासाठी सांगितलं. आता पुन्यांदा गोठ्यात पडू?" तिचा आवाज चढला आणि खांद्यात कळ गेली. "काका, तुमच्या घरचं मीठ खाल्लंय. जीव मागा, देईन. ह्ये नगा मागू."

काका उठले. दारात क्षणभर थांबून ते म्हणाले, "ती तुरुंगात जाईल." आणि बाहेर पडले.

सुलक्षणा त्यांच्या मागोमाग गाडीपर्यंत गेली. मितालीनं काच खाली केली. तिचे गाल बसले होते.

"मी किती मारलं ते मला आठवत नाही," ती म्हणाली.

"मला आठवतंय."

"ते शार्दूलला मारून टाकत होते. सगळी वसाहत संपवली त्यांनी. तू पाहिलंस. त्यातल्या एकाला..."

"ताई, त्यो पळत व्हता. पाय अडकला व्हता त्येचा."

"तू मध्ये पडली नसतीस तर तुझं हाड मोडलं नसतं," मिताली एकदम खेकसली, आणि मग आपल्याच शब्दांनी दचकल्यासारखी झाली. असलं वाक्य सुलक्षणानं आधीही ऐकलं होतं, फक्त दुसऱ्या आवाजात. ती वळली आणि बांधावरून घरी आली. गाडी बराच वेळ उभी होती. मग गेली.

वेल्ह्याला जाऊन तिनं जबाब दिला. शार्दूलला वल्ह्यानं मारल्याचं सांगितलं, फोडलेल्या अंड्यांचं सांगितलं, पिरगाळलेल्या मानांचं सांगितलं. आणि गजाचंही सांगितलं. कुणाच्या हातात होता ते विचारल्यावर तिनं नाव घेतलं. ते नाव घेताना तिला ओढणीच्या टोकाची आठवण झाली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. शार्दूलचा फोन आला, तारा बांधलेल्या जबड्यातून. "तू त्या हरामखोराची बाजू घेतलीस," असं काहीसं म्हणून त्यानं फोन ठेवला. वकिलांच्या घरून तांदळाची मागणी बंद झाली. बनाबाई लेकीशी चार शब्दांपलीकडं बोलेना.

आणि एका बाजारच्या दिवशी, वेल्ह्याच्या एसटी थांब्यापाशी, हनुमंत समोर आला. कुणाच्या तरी लग्नाला आला असावा, अंगावर नवा सदरा होता. तो हसला.

"ऐकलं म्या. तुझ्या ताईनं बी हानलं म्हनं. म्हंजे माझं काय चुकलं न्हवतं. तुझ्यातच हाय कायतरी, बाई. बघनाऱ्याचा हात शिवशिवतो." आणि त्यानं तिच्या गळ्यात बांधलेल्या हाताला, मोडलेल्या खांद्याला, अंगठ्यानं दाबलं. हळूच, कुणाला दिसू नये असं.

कळ डोक्यात गेली. सुलक्षणाचा उजवा हात शेजारच्या गाड्यावरच्या वजनाकडं गेला. किलोचं लोखंडी वजन होतं, हातात चांगलं बसलं. हनुमंताचं कपाळ तिच्यासमोर वीतभर अंतरावर होतं. मारलं असतं तर बाजारातल्या एकाही माणसानं तिला दोष दिला नसता.

तिनं वजन परत ठेवलं. मग ती ओरडली. "ह्यो हनुमंत! वरव्याचा! ह्येनं माझ्या पाठीला तवा लावला! कुकरच्या झाकनानं माझे दात पाडले! टिपरानं मारून माझं पोट पाडलं! दार लावून मारायचा! दार लावून!" तिच्या आवाजात शब्द फाटत होते. भाजीवाल्या उठल्या. एसटीची वाट पाहणारी माणसं वळली. हनुमंत "येडी झाली" म्हणत मागं सरकला, तर चहावाल्यानं त्याची कॉलर धरली. दोन-तीन जणांनी त्याला मारायला हात उचलले.

"मारू नगा," सुलक्षणा म्हणाली. "नुसतं ऐका. माझं सपलं न्हाई."

आणि तिनं सगळं सांगितलं, भर रस्त्यात, दोन एसट्या निघून जाईपर्यंत. पोट पडल्याचं बनाबाईलाही ठाऊक नव्हतं. ती भाजीची पिशवी घेऊन गर्दीच्या कडेला उभी होती. घरी जाताना तिनं लेकीच्या हातातलं ओझं काढून घेतलं आणि त्या रात्री ताट वाढून स्वतः पुढ्यात आणून ठेवलं.

पुढं वर्ष गेलं. त्या माणसाचा पाय वाचला, पण गुडघ्यात वाकत नाही. होडीवरचे बाकीचे पाच पकडले गेले, त्यांच्यावर वेगळा खटला आहे. मितालीचा बेटांवर जायचा परवाना गेला, नोकरी गेली. गंगाधरकाकांनी मोठा वकील लावला, आणि त्या वकिलानं सगळं नीट जुळवत आणलं असताना मितालीनंच एक दिवस आपला आधीचा जबाब खोटा असल्याचं लिहून दिलं. घरात त्यावरून आकाशपाताळ एक झालं. खटला अजून चालू आहे. शिक्षा होईल की काय, ते अजून ठरायचंय. शार्दूल त्या बेटावर पुन्हा जाऊन आला. सुरय परतले आहेत, आधीच्या निम्मेही नाहीत. त्यानं सुलक्षणाला फोन करून तेवढं सांगितलं, आणि पुढच्या खेपेला येणार का म्हणून विचारलं. तिनं अजून हो म्हटलेलं नाही.

मिताली सुलक्षणाकडं आली ती सुगी झाल्यावर, एकटी, एसटीनं. कपाळावरची जुनी खूण उन्हानं काळी दिसत होती. गेनबांनी तिला घोंगडी टाकून दिली. सुलक्षणा चुलीपाशी होती. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. लावणी जमते, डोक्यावर हंडा घेणं जमत नाही.

"दाखवशील?" मितालीनं विचारलं.

सुलक्षणानं पदर बाजूला केला. हाड सांधलं होतं, पण तिथं सुपारीएवढी गाठ राहिली होती. मितालीनं ती पाहिली. हात लावला नाही.

"तुझ्यावर खूप राग होता माझा," ती म्हणाली. "तू मला वाचवायला हवं होतंस असं वाटायचं. अजूनही कधी कधी वाटतं."

"वाटनारच."

"तुला माझी भीती वाटते?"

सुलक्षणानं तव्यावरची भाकरी उलटली. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं, पाहुणी होती, उपाशी होती. "वाटती," ती म्हणाली. "तुमचा हात वर गेला की माझा हात आपसूक डोक्यावर येतो. तुमी तशा न्हाई त्ये म्हाईत हाय. तरी येतो."

मिताली ताटावर बसली. जेवली. जेवताना तिनं दुसरी भाकरी मागून घेतली. दुपारी ती अंगणात बनाबाईबरोबर तांदूळ पाखडायला बसली, वाईट पाखडलं, आणि बनाबाईनं तिच्या हातातलं सूप काढून घेतलं. शेवटची एसटी गाठायची म्हणून सुलक्षणा तिच्यासाठी चहा टाकत होती. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता. सुलक्षणानं उजव्या हातानं घ्यायला टाचा उचलल्या.

मिताली दारातून म्हणाली, "थांब, मी देते." आणि फळीकडं जाण्याआधी तिनं सुलक्षणाच्या समोर येऊन, उजव्या कानाच्या बाजूला उभं राहून हळू सांगितलं, "हात वर करतेय हं, सुलक्षणाताई. डबा काढायला."

"काढा," सुलक्षणा म्हणाली.